बगीच्यात मुंगी आहे हे ठीक, पण कोणती आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या शेतीच्या पानावर मागे एक छोटा सल्ला आला होता, संत्र्याच्या झाडावर मुंग्यांची रांग दिसली की बुडाशी पावडर धुरळा नाहीतर क्लोरपायरीफॉस ओता, मुंग्या मेल्या की विषय संपला. आमच्या वरुड-मोर्शीकडे बहुतेक जण हेच करतात, कृषी केंद्रवालाही हेच सांगतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. पण ह्या विषयात बरंच काही असं आहे जे आपल्या बागायतदारापर्यंत आलेलंच नाही म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, जागेसाठी कापावं लागलं तर कापा पण शेवटी नर्सरीबद्दल जे लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

पहिली गोष्ट म्हणजे बगीच्यात "मुंगी" नावाची एकच वस्तू नसते. मोठे काळे मुंगळे असतात, बारीक काळ्या धावऱ्या असतात, लाल चावऱ्या असतात, वाळलेल्या फांदीच्या पोकळीत राहणाऱ्या असतात, धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या गवतातून बी ओढून नेणाऱ्या असतात. ह्यांचं आपसात पटत नाही, एका वारुळाची मुंगी दुसऱ्या वारुळाच्या हद्दीत गेली की मारामारी होते, आणि ह्या मारामारीमुळेच कुणा एकीचं फार वाढत नाही. कोणी लिंबावरच्या फुलपाखराची अंडी खाते, कोणी गळालेल्या फळातली अळी ओढून नेते, कोणी मेलेले किडे साफ करते, आणि हो, मावा-मिलीबग हे रस शोषणारे किडे जो गोड चिकटा अंगातून टाकतात, तोही काही जणी पितात. आपले मुंगळेच बघा ना, माव्याच्या मागे असतातच. तरी झाड जगतं, कारण चिकटा पिणाऱ्या मुंगीच्या शेजारीच ढालकिडा (लेडीबर्ड) असतो, क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा मित्रकिडा असतो, कोळी असतो, आणि मुंग्यांना सगळ्या फांद्यांवर पहारा द्यायला माणसं पुरत नाहीत. खरी भीती तेव्हा, जेव्हा बाहेरून आलेली एकच जात सगळा बगीचा ताब्यात घेते आणि बाकी सगळ्या मुंग्या तिथून नाहीशा होतात.

आमच्या भागाला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. खऱ्या कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या पट्ट्यात नेमकं हेच घडलंय, शंभर वर्षांवर झाली. माझी भाची तिकडे रिव्हरसाइडजवळ राहते, तिथलं विद्यापीठ लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे, ती मला तिथल्या गोष्टी पाठवत असते आणि मी वाचत गेलो. ही मुंगी अर्जेंटिनाची, शास्त्रीय नाव लायनेपिथीमा ह्युमिले. मूळची पाराना नदीच्या खोऱ्यातली, म्हणजे अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. दिसायला काहीच नाही, अडीच-तीन मिलिमीटरची तपकिरी मुंगी, डंख पण मारत नाही. १८९१ च्या सुमारास जहाजातल्या मालाबरोबर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला पोचली आणि १९०७ च्या आसपास कॅलिफोर्नियात दिसायला लागली.

हिची ताकद अंगात नाही, वागण्यात आहे. आपल्या मुंग्यांसारखी एका वारुळाची दुसऱ्या वारुळाशी ही भांडत नाही. मूळ देशात भांडते, पण बाहेर गेलेल्या सगळ्या थोड्याशाच मुंग्यांच्या वंशातल्या, त्यामुळे एकमेकींना परकं समजतच नाहीत. सॅन दिएगोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्याही वरपर्यंत साधारण ९०० किलोमीटरमधे एकच महावसाहत पसरलीय, आणि युरोपात इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत ६००० किलोमीटर, हे २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. एकेका वारुळात राण्या पण खूप. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर पंखवाल्या मुंग्या उडतात तशा हिच्या राण्या उडून लांब जात नाहीत, चालत जवळच दुसरं घर करतात, म्हणून स्वतःच्या पायांनी ही वर्षाला फार तर शे-दीडशे मीटर सरकते. लांब जायला तिला माणूस लागतो. कुंडी, माती, गवताच्या पेंड्या, गाडी. दक्षिण आफ्रिकेत ती बोअर युद्धाच्या काळात घोड्यांच्या चाऱ्याबरोबर आली असं मानतात. जपानमधे १९९३ साली हिरोशिमाजवळ सापडली.

आता संत्र्याचं. आपल्याला सिट्रस सायला नवीन नाही, नवतीवर म्हणजे कोवळ्या फुटीवर बसते, पानं वाकडी करते आणि ग्रीनिंग ह्या झाड मारणाऱ्या रोगाचा जंतू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ही कीड मूळ आशियातली. कॅलिफोर्नियात ती २००८ साली सापडली, आणि २०१२ मधे लॉस एंजेलिसजवळ ग्रीनिंगचं पहिलं झाड मिळालं. फ्लोरिडाचा संत्र्याचा धंदा ह्याच रोगानं बसलेला होता त्यामुळे सगळे हादरले. पण रोगाचं झाड मिळायच्या आधीच, सायला आली तेव्हाच, रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले डॉ. मार्क हॉडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की सायला आशियातली आहे तर तिचा वैरीही तिकडेच असणार. तो वैरी म्हणजे टॅमारिक्सिया रेडिआटा, मुंगीपेक्षाही बारीक परोपजीवी माशी. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९२२ साली झालं ते लायलपूरच्या म्हणजे आताच्या फैसलाबादच्या लिंबाच्या पानांवरून. फाळणीच्या आधीचा आपलाच पंजाब. पाकिस्तानातल्या पंजाबातूनच ह्या माशा नेल्या, क्वारंटाइनमधे तपासल्या आणि डिसेंबर २०११ मधे पहिल्यांदा रिव्हरसाइडच्या बागेत सोडल्या. ही माशी सायलाच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडं घालते, त्यातली अळी पिल्लाला खाऊन संपवते, शिवाय माशी स्वतःसुद्धा पिल्लं टोचून खाते. दोन्ही मिळून एक मादी आयुष्यात ५०० पर्यंत पिल्लं मारू शकते असं नोंदलेलं आहे. फुकटात.

पण बऱ्याच बागांमधे निकाल मिळेना. कारण काय तर ही अर्जेंटिनाची मुंगी. सायलाची पिल्लं गोड चिकटा टाकतात, पांढऱ्या मेणाच्या वेटोळ्या धाग्यात गुंडाळलेला, आपल्या झाडांवरही नवतीत दिसतो. मुंग्यांना तो पाहिजे असतो. मग गुराखी गाई राखतो तशा ह्या मुंग्या सायलाची पिल्लं राखतात, टॅमारिक्सिया पानावर उतरली की तिच्या मागे लागतात, तिला अंडं घालायला उसंतच मिळू देत नाहीत. जिथे मुंग्या रोखल्या तिथे माशीनं सायला धरण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं, हे तिथे पुन्हा पुन्हा प्रयोगात दिसलंय. आणि त्रास फक्त ह्या एका माशीला नाही. सिरफिड माशीच्या अळ्या आणि क्रायसोपाच्या अळ्या सायलाची पिल्लं भराभर खातात, त्यांनाही मुंग्या हुसकावतात. मिलीबगवरचे ढालकिडे, खवले किडीवरचे परोपजीवी, सगळ्यांचं तेच. म्हणजे मुंगी झाडाला स्वतः काही करत नाही, पानाला तोंड लावत नाही, फळ कुरतडत नाही, पण तिच्या पहाऱ्यामुळे सायला, मावा, मिलीबग, पांढरी माशी, खवले कीड ह्या चिकटा टाकणाऱ्या सगळ्यांची चंगळ होते आणि त्यांना खाणारे सगळे उपाशी राहतात. बगीच्यातले किडे मोजले तर आकडा कदाचित पूर्वीएवढाच येईल, जास्तही येईल. प्रकार मात्र कमी झालेले असतात. हा फरक फवारणीच्या हिशोबात कुठंच दिसत नाही.

मुंग्यांच्या बाबतीत तर अजून वाईट. जिथे ही पोचते तिथल्या जमिनीवर फिरणाऱ्या बहुतेक स्थानिक मुंग्या संपतात. कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात शिंगाळा सरडा असतो, त्याचं पोट बी गोळा करणाऱ्या मोठ्या स्थानिक मुंग्यांवर भरतं, त्या गेल्या आणि ही बारीक मुंगी त्याच्या कामाची नाही, सरडाही घटला. दक्षिण आफ्रिकेत काही झुडपांचं बी तिथल्या मुंग्या जमिनीत पुरतात तेव्हा ते आगीतून आणि उंदरांपासून वाचतं, अर्जेंटिनाची मुंगी ते बी उघड्यावरच टाकते, ही गोष्ट १९८४ साली लिहिली गेलीय. हवाईत तर मुळात स्थानिक मुंगीच नव्हती, तिथल्या जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना हिच्यापासून वाचायची सवयच नाही. हे सगळं बागेबाहेरचं झालं पण मी मुद्दाम लिहितोय, कारण आपला बगीचा काही भिंतीत बंद नसतो. धुऱ्यावरचं बोराचं झाड, नाल्याकाठचं गवत, शेजारचा पडीत तुकडा, मित्रकिडे तिथूनच येतात.

तिकडच्या बागायतदारांनीही आधी आपल्यासारखंच केलं, क्लोरपायरीफॉस मारलं. त्यानं वरच्या मुंग्या मरायच्या पण राण्या जमिनीत सुरक्षित, थोड्या दिवसांत रांगा परत सुरू, आणि मधल्या काळात ढालकिडे, कोळी, परोपजीवी माश्या साफ. शेवटी माणसांच्या आरोग्याच्या कारणानं तिथे २०२० संपता संपता ह्या औषधाचा वापर जवळजवळ पूर्ण बंद केला. मग डोकं लढवायला लागलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे साबुदाण्यासारखे मऊ मणी बनवले, ते २५ टक्के साखरेच्या पाण्यात भिजवले आणि त्यात थायामेथोक्झाम हे कीटकनाशक घातलं फक्त ०.०००१ टक्के. इतकं कमी का? कारण मुंगी लगेच मेली तर उपयोग नाही, ती ते पाणी पोटात घेऊन घरी जायला पाहिजे, राणीला आणि पिल्लांना भरवायला पाहिजे. मणी जमिनीवर झाडाखाली टाकतात, झाडावर काहीच फवारलं जात नाही, नंतर ते मातीत विरून जातात. औषध कमी लागलं आणि मुंग्याही कमी झाल्या. (कृपा करून हे वाचून कुणी घरी साखरेच्या पाण्यात औषध कालवून बगीच्यात वाट्या ठेवू नका. उघड्या गोड पाण्यावर मधमाश्या येतात, आणि प्रमाण चुकलं तर राणीपर्यंत काहीच पोचत नाही.)

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली जी मला फार कामाची वाटली. ह्या मुंगीला ओलावा पाहिजे. कोरड्या मुलखात ती टिकते ती पाण्यामुळे, आणि झाडाखालच्या पाण्याच्या नळ्यांवरूनच तिची ये-जा चालते. इतकी की नळीवर सेन्सर लावून मुंग्या मोजायचं यंत्र त्यांनी करून बघितलं. आपल्याकडे ठिबक आल्यापासून आळ्यातली माती उन्हाळाभर ओली राहते, नळी एका झाडापासून दुसऱ्याकडे जाते. म्हणून ठिबक काढा असं नाही, ठिबक नसतं तर आमच्या तालुक्यातले बगीचे कधीच वाळले असते, पाण्याची पातळी कुठं गेलीय ते सगळ्यांना माहीत आहे. पण मुंगी शोधायची तर कुठं शोधायची, ते ह्यावरून कळतं.

आता कोणी म्हणेल की बावा, ही सगळी अमेरिकेची कथा झाली. मी अर्जेंटिनाची मुंगी वरुडात आली असं म्हणत नाहीये. पण हिच्यासारखंच वागणारी दुसरी एक मुंगी भारतात आहे. पिवळी वेडी मुंगी म्हणतात, शास्त्रीय नाव ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस. चार-पाच मिलिमीटरची, पिवळट तपकिरी, पाय आणि मिशा लांबच लांब, आणि हलवलं की दिशा नसल्यासारखी सैरावैरा पळते म्हणून वेडी. चावत नाही, फॉर्मिक ॲसिड फवारते. जगातल्या सगळ्यात घातक १०० परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. तामिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात नत्तम तालुका आहे, तिथे करंतमलाई जंगलाच्या पायथ्याशी २०२२ साली ह्या मुंग्यांनी सात गावांतल्या लोकांना हैराण केलं, बातम्या आल्या होत्या. गुराढोरांच्या, शेळ्यांच्या डोळ्यांना इजा झाली, लोक वावरात जायला तयार नव्हते, जंगलाकडेला गुरं बांधणाऱ्यांनी ती तिथून हलवली. तेव्हा सगळ्यांनी ती बातमी एक अजब प्रकार म्हणून वाचली आणि सोडून दिली. माझ्या मते फळबागवाल्यांनी ती कापून ठेवायला पाहिजे होती.

कारण हीच मुंगी फुलावरही काय करते ते केरळच्या केंद्रीय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१७ मधे दाखवलंय. त्यांनी भोपळ्याची फुलं घेतली. फुलात ही मुंगी बसलेली असली की मधमाश्या तिथे थांबत नाहीत आणि परागीभवन बिघडतं. भोपळा आणि संत्रा वेगळे, मान्य. पण आंबिया बहार फुटतो तेव्हा सातेरी आणि फुलोरी माश्यांवर आपण किती अवलंबून असतो ते ज्याच्या शेजारी आग्या मोहोळ बसतं त्याला विचारा. इंडोनेशियात सुलावेसीच्या कोकोच्या बागांमधेही हे तपासलंय, जिथे पिवळी वेडी मुंगी जास्त तिथे जंगलातून बागेत येणाऱ्या मुंग्यांच्या जाती कमी.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाचं. तिथले लाल खेकडे प्रसिद्ध आहेत, ह्या मुंगीनं एक कोटीहून जास्त खेकडे मारले असा अंदाज आहे. तिथे हेलिकॉप्टरनं विषारी आमिष टाकून झालं, मुंग्या कमी व्हायच्या आणि परत वाढायच्या. मग लक्षात आलं की एवढ्या मुंग्यांचं पोट भरतंय कशावर, तर झाडांवरच्या एका परक्या लाख किडीच्या चिकट्यावर. म्हणून डिसेंबर २०१६ मधे त्या किडीला मारणारी दोन मिलिमीटरची माशी मलेशियातून आणून सोडली. मुंगीला हातच लावला नाही, तिचं जेवण तोडलं. ही विचार करायची पद्धत मला आपल्या बगीच्यासाठी पटते. आपण पानाफळावर कोळशी ही काळी बुरशी आली की कोळशीचं औषध मारतो, मिलीबग आला की मिलीबगचं, मुंगी दिसली की मुंगीचं, आणि हे तिन्ही एकाच साखळीत आहेत हे बघत नाही. चिकटा टाकणारी कीड वाढली की मुंगी वाढते, मुंगी वाढली की किडीला खाणारे पळतात, कीड अजून वाढते, चिकट्यावर काळी बुरशी चढते, पान श्वास घेत नाही, फळ काळं पडतं, व्यापारी भाव पाडतो. भाव पडला की आपण फवारणी वाढवतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, नाहीतर हे पत्र वाचून लोक सगळ्याच मुंग्यांच्या मागे लागतील. कोकणात आणि गोव्यात आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणारी लाल मुंगी असते, ओंबील म्हणतात, कुठं हुमले म्हणतात. आंबा उतरवायला चढणारा माणूस तिला शिव्या घालतो ते समजू शकतो, चावा भयंकर असतो. पण ही मुंगी आपली आहे, आणि फळमाशी, ढेकण्या, अळ्या ह्यांच्यावर तिचा वचक असतो. चीनच्या दक्षिणेत इसवी सन ३०४ च्या सुमारास बाजारात ह्या मुंग्यांची घरटी विकत मिळायची, संत्र्याच्या बागेत सोडायला, आणि पुढच्या काळात बागवान एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबू बांधून त्यांना वाट करून द्यायचे. जगातल्या जैविक कीड नियंत्रणाची ही सगळ्यात जुनी नोंद समजतात. आजही ऑस्ट्रेलियात आंबा-काजूवर तिचा आणि आफ्रिकेत बेनिनमधे आंब्यावर तिच्याच जवळच्या दुसऱ्या जातीचा उपयोग करून बघितलाय आणि चांगले निकाल आलेत. ती पण खवले किडी राखते, नाही असं नाही, पण तिच्या बदल्यात बरंच काम करते आणि तिच्यावर जगणारे, तिला तोंड देणारे बाकीचे जीव तिच्याबरोबरच हजारो वर्षांत घडलेत. कोकणातल्या बागायतदारानं घरट्यासकट फांद्या जाळण्याआधी आणि आमच्याकडच्यानं मुंगळ्यांची वारुळं औषधानं बुजवण्याआधी एक विचार करावा की ही जागा रिकामी झाली की तिथे येईल कोण. बाहेरची मुंगी अशाच मोकळ्या झालेल्या जागेत लवकर जम बसवते.

मग बागायतदारानं करायचं काय. मोठं काही नाही. नवती फुटताना आणि बहार धरताना सकाळी बगीच्यात फिरताना खोडाकडे बघा. वर जाणाऱ्या मुंग्या किती आहेत ह्यापेक्षा किती तऱ्हेच्या आहेत ते बघा. थोडं गुळाचं पाणी कागदाच्या तुकड्यावर चार ठिकाणी, एक धुऱ्याजवळ, एक मधे, एक ठिबकच्या नळीशी, एक पंपाच्या खोलीजवळ, असं ठेवलं तर अर्ध्या तासात कळतं. तीन-चार तऱ्हेच्या मुंग्या आल्या, एकमेकींशी भांडल्या, तर बगीचा ठीक आहे. सगळीकडे एकच मुंगी, शेकड्यांनी, कुणाशी भांडण नाही आणि बाकीच्या कुठंच नाहीत, तर फोटो काढा, चार मुंग्या बाटलीत सॅनिटायझर नाहीतर स्पिरिटमधे घाला आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आधी औषध मारून नंतर दाखवायला जाऊ नका.

मुंगीला झाडावर चढायची वाट तोडणं हे औषधापेक्षा स्वस्त पडतं. जमिनीला टेकलेल्या फांद्या दीड-दोन फुटांपर्यंत छाटा, तण खोडाला लागू देऊ नका, आणि खोडाला चिकट पट्टी लावा. पण चिकट पदार्थ थेट सालीवर फासू नका, साल खराब होते, आधी कापड नाहीतर पट्टी गुंडाळून तिच्यावर लावा, आणि धूळ बसली की बदला. आपल्याकडे झाड फळांनी लदलं की बांबूचे टेकू देतात, पट्टी फक्त खोडाला लावली आणि टेकू तसेच सोडले तर मुंग्या बांबूवरून आरामात वर जातात, म्हणून टेकूलाही पट्टी पाहिजे. एवढं केलं की मिलीबगवर आणि सायलावर मित्रकिडे आपणहून यायला लागतात, टॅमारिक्सिया तर आपल्याच उपखंडातली आहे, तिला विकत आणायची सुद्धा गरज नाही, फक्त नवतीच्या वेळेस तिला मारू नका. क्रिप्टोलेमस हे मिलीबग खाणारे ढालकिडे द्राक्षवाले विकत आणून सोडतात, त्यांनी सुद्धा सोडायच्या आधी मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर पैसे वाया जातात.

आता नर्सरी. शेंदुरजनाघाटचा पट्टा संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेला आहे, इथून कलमा ट्रकनं महाराष्ट्रभर आणि बाहेरच्या राज्यांत जातात, आणि ट्रक परत येताना रिकामे येत नाहीत. आंबा, पेरू, सीताफळ, नारळ, शोभेची झाडं, सगळं दक्षिणेकडून कुंडीत नाहीतर पिशवीत येतंच. परकी मुंगी जगभर फिरली ती अशीच. हवाईत छोटी आगमुंगी १९९९ साली सापडली आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेली ती कुंड्यांमधून, आता तिथे फळं तोडायला मजूर तयार होत नाहीत अशा बागा आहेत, कारण फांदी हलवली की मुंग्या मानेवर पडतात. पिशवीतल्या मूठभर मातीत एक राणी आणि थोड्या कामकरी असल्या की झालं, नवीन वसाहत सुरू. आपण कलम घेताना खुंट जंबेरीचा की रंगपूरचा ते विचारतो, डोळा कुठून घेतला ते विचारतो, डिंक्या रोग नाही ना ते बघतो. पिशवी पाण्यात दहा मिनिटं बुडवून किंवा नुसती दोनदा आपटून मातीतून काय बाहेर येतं ते कोणी बघत नाही. ते बघायला पाहिजे, घेणाऱ्यानं पण आणि विकणाऱ्यानंही. नर्सरीवाल्यांचं ह्यात नुकसान नाही, उलट ज्याची पिशवी साफ त्याच्याकडे गिऱ्हाईक जाईल.

सरकारकडे कायदे नाहीत असं पण नाही. घातक कीटक आणि किडींचा कायदा १९१४ पासून आहे, बाहेरच्या देशातून माती आणि रोपं आणण्यावर २००३ चा क्वारंटाइन आदेश आहे, वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनं परक्या आक्रमक जातींसाठी कलमच घातलंय. पण प्रत्यक्षात तपासणी होते ती मुख्यतः बंदरावर आणि विमानतळावर, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या रोपांच्या ट्रकमधे मुंगी बघायला कोण उभं राहतं? नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, आमच्या भागात विज्ञान शाखेची कॉलेजं आहेत जिथे पोरं दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बगीच्यांत आज मुंग्यांच्या कोणत्या जाती आहेत ह्याची एक साधी यादी करायला फार पैसा लागत नाही. आज ती केली तर पाच वर्षांनी कोणती गेली आणि कोणती नवीन आली ते कळेल. नंतर केली तर तुलना कशाशी करायची?

आपल्या पेपरला एवढीच विनंती की शेतीच्या पानावर मुंग्यांबद्दल परत लिहायचं झालं तर औषधाच्या नावाआधी मुंगीचा फोटो छापा, पिवळ्या वेड्या मुंगीचा एक आणि आपल्या मुंगळ्याचा एक शेजारी शेजारी, आणि वाचकांनी आपल्या बगीच्यातले फोटो कुठं पाठवायचे तो कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाचा पत्ता खाली द्या. मृग बहाराच्या आधी छापलं तर जास्त चांगलं, कारण नवीन कलमा लावायची घाई त्याच वेळेस असते.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरुड, जि. अमरावती